स्लीपमधून उठल्यावर कीबोर्ड-माऊस चालत नाही: डोंगल, ब्लूटूथ की सरळ वायर?

डेस्कटॉप स्लीपमधून उठतो, स्क्रीनवर घड्याळ येतं आणि वायरलेस कीबोर्ड-माऊस मात्र ढिम्म हलत नाही. ही तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला की बहुतेक वेळा नवा सेट घेऊनच घरी येतो. काही दिवसांनी नवा सेटही तसाच वागायला लागतो, कारण दोष पुष्कळदा कीबोर्डात नसतोच. डोंगल, म्हणजे वायरलेस सेटचा सिग्नल पकडणारा छोटा तुकडा, ज्या यूएसबी पोर्टात खोचलेलं असतं, त्या पोर्टाची वीज विंडोज बचतीसाठी तोडते आणि कॉम्प्युटर उठल्यावर ती नीट परत येत नाही. त्यामुळे डोंगलवाला सेट ठेवायचा, ब्लूटूथवर जायचं, वायर लावायची की स्लीपच सोडून द्यायचं, हे ठरवण्याआधी आपल्याकडे नेमकं काय घडतंय ते बघा.

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकाच नावानं हाक मारतात. पहिली: कीबोर्डचं बटण दाबून कॉम्प्युटर उठतच नाही, पण सीपीयूचं बटण एकदा दाबलं की सगळं व्यवस्थित चालतं. हा बिघाड नाही. कीबोर्डला ‘उठवण्याची परवानगी’ दिलेली नाही, एवढंच. दुसरी: स्क्रीन येते पण कळा मुक्या. इथं संशय पोर्टाच्या विजेवर घ्यायचा. तिसरी: चालतं, पण पहिलं मिनिटभर बाण अडखळतो, अक्षरं उशिरा उमटतात. हे रेडिओ लहरींच्या गोंधळाचं किंवा ब्लूटूथ पुन्हा जोडलं जाण्याचं लक्षण.

ओळखायची सोपी परीक्षा अशी. डोंगल काढा, दहा सेकंद थांबा, दुसऱ्या पोर्टात लावा. लगेच चालू झालं तर कीबोर्ड शाबूत आहे, पैसे खर्च करू नका. आणि एकाच डोंगलवर माऊस चालतोय पण कीबोर्ड नाही, असं असेल तर डोंगल जिवंत आहे हे उघडच आहे. मग कीबोर्डचे सेल बघा. कीबोर्डचे सेल इतके महिने टिकतात की ते कधी घातले होते हेच घरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

सेलूच्या मावशीचा असाच फोन आला होता. “अरे, बाण हलतोय, पण पासवर्डच पडंना!” तिला म्हटलं, “खाली उजव्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं चिन्ह दिसतंय का? त्यावर क्लिक कर आणि ऑन-स्क्रीन कीबोर्ड चालू कर.” स्क्रीनवर कळा उमटल्या, तिनं माऊसनं एकेक अक्षर टिपत पासवर्ड टाकला आणि अर्धवट राहिलेलं बचत गटाचं पत्रक आधी सेव्ह केलं. सेल नंतर बदलले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण घाबरून सीपीयूचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर जबरदस्तीनं बंद होतो आणि उघडी फाईल जाते.

डोंगल आणि ब्लूटूथ

दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच बोलतात, त्यामुळे हवेतला फरक फार नाही. फरक आहे तो कॉम्प्युटरच्या बाजूला. डोंगल कॉम्प्युटरला साध्या यूएसबी कीबोर्डसारखं दिसतं. म्हणून ते विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनवरसुद्धा चालतं. ब्लूटूथला आधी विंडोजचं सॉफ्टवेअर जागं व्हावं लागतं, मग जोडणी, मग कळा. लॅपटॉपमध्ये हे सगळं कंपनीनं जुळवून दिलेलं असतं. आपल्याकडचे बहुतेक डेस्कटॉप असेंबल केलेले. त्यात ब्लूटूथ मदरबोर्डवर नसतंच, नखाएवढं यूएसबी ॲडॅप्टर मागून लावलेलं असतं. अशा मशीनवर ब्लूटूथ कीबोर्डनं कॉम्प्युटर उठेल ही अपेक्षा मी ठेवत नाही. उठला तर चांगलंच, पण त्या भरवशावर खरेदी करू नये.

ब्लूटूथच्या बाजूनंही बोलायला हवं. एकच कीबोर्ड मोबाईल, टॅब आणि कॉम्प्युटर अशा तिघांना बटण दाबून जोडता येतो. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांकडं टॅब आणि डेस्कटॉप दोन्ही असतात, त्यांना याचा खरा उपयोग आहे. शिवाय हरवायला डोंगल नसतं. स्वस्त सेटचं डोंगल हरवलं की बहुधा सेटच टाकून द्यावा लागतो, कारण दुसरं डोंगल त्याला जुळत नाही. लॉजिटेकनं २००९ साली आणलेलं युनिफाइंग डोंगल सहा उपकरणं सांभाळतं आणि सुटं विकत मिळतं. २०२१ चं लॉजी बोल्टही सहा सांभाळतं. पण या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. बोल्टचा माऊस युनिफाइंगच्या डोंगलवर चालत नाही, घेताना खोक्यावरचं नाव वाचून घ्या.

तरीही घरच्या डेस्कटॉपसाठी मी डोंगललाच कौल देईन, आणि त्याचं कारण एकच: ते अडलं तर दुरुस्ती घरच्या घरी, फोनवर सांगूनही होते. काढा, लावा, झालं. ब्लूटूथ अडलं तर सेटिंगमध्ये जाऊन उपकरण काढून पुन्हा जोडावं लागतं, आणि त्यासाठी चालणारा कीबोर्ड-माऊस आधी हातात असावा लागतो!

डोंगल कुठं खोचता याला मात्र फार महत्त्व आहे. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टातून डेटा वाहताना जो रेडिओ कचरा बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलनं २०१२ साली यावर टिपणच काढलं होतं. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लागली की शेजारच्या डोंगलचा माऊस अडखळतो तो यामुळं. त्यात सीपीयू लोखंडी टेबलाखाली, भिंतीकडं पाठ करून ठेवलेला, मधे पत्रा. कीबोर्डात खोट काढायच्या आधी एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणून डोंगल टेबलावर घ्या. काळा, म्हणजे सहसा २.० चा, मागचा पोर्ट निवडा. स्वस्त कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांची आतली वायर बरेचदा ढिली असते आणि त्यांत धूळही लवकर बसते.

फुकटचा उपाय

पोर्टाची वीज तुटू नये म्हणून विंडोजला दोन ठिकाणी सांगावं लागतं. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. यादीच्या शेवटी युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स असेल. त्यातल्या प्रत्येक यूएसबी रूट हबवर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची पहिली टिक काढा. ब्लूटूथ ॲडॅप्टर असेल तर त्याचीही काढा. मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड यादीत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. डेस्कटॉपला बॅटरी नाही, त्यामुळे यात गमावण्यासारखं काही नाही. काही नव्या मशीनवर पॉवर मॅनेजमेंटचं पान दिसतच नाही. तिथं पोर्ट बदलणं आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करणं हेच हातात उरतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर टिक परत आलेली दिसू शकते, तेव्हा चार-सहा महिने सुरळीत चाललेलं एकदम बिघडलं तर आधी इथंच बघा.

कीबोर्डनं उठवायची परवानगी त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये, कीबोर्ड्सच्या खाली असते. माऊसची परवानगी मात्र काढून टाका. टेबलाला धक्का लागला, लेकरानं वही आपटली की कॉम्प्युटर उठतो आणि मग रात्रभर जागाच राहतो. परवानगी देऊनही कीबोर्डनं उठत नसेल तर बायोसमध्ये ईआरपी नावाची वीजबचत चालू आहे का ते कॉम्प्युटरवाल्याला बघायला सांगा; ती स्टँडबायची वीज कापते.

आणि एक. “बंद करून चालू केलं तरी तसंच आहे” असं बरेच जण सांगतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन हे पूर्ण बंद होणं नसतं. ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. अडलेला ड्रायव्हर अडलेलाच परत येतो. अशा वेळी शट डाऊन नको, रीस्टार्ट करा.

स्लीप ठेवावं की हायबरनेट करावं?

हा प्रश्न आपल्याकडं कीबोर्डपेक्षा मोठा आहे. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, असतं आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. गावाकडं लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. त्यात बहुतेक घरांत, दुकानांत संध्याकाळी बोर्डाचं बटण बंद करूनच उठायची पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे. बटण बंद झालं की स्लीप संपलं. हायब्रीड स्लीप चालू असेल तर कामाची प्रत डिस्कवर वाचते, नसेल तर गेलं. इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

हायबरनेट काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद होतं. लाईट जाऊ द्या, बोर्ड बंद करा, उघडी फाईल तिथंच सापडते. उठवायचं ते सीपीयूच्या बटणानं, त्यामुळे कीबोर्डनं उठतं की नाही हा वादच मिटतो. उठताना यूएसबीचीही सुरुवात नव्यानं होते, म्हणून मुक्या कळांची तक्रार कमी येते. तोटा वेळेचा: एसएसडी असेल तर जाणवत नाही, जुन्या हार्ड डिस्कवर चहा टाकून यावा लागतो. हायबरनेट मेनूत दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटणांनी काय करावं’ या पानावर त्याची टिक सापडते. दुपारच्या जेवणापुरतं स्लीप आणि संध्याकाळी हायबरनेट, ही वाटणी मला सगळ्यात पटते.

वायर कुणाला?

महा ई-सेवा केंद्र, टायपिंग इन्स्टिट्यूट, दवाखान्याचं काउंटर, पतसंस्था. इथं वायरच. पीकविम्याचे शेवटचे दिवस, बाहेर शेतकऱ्यांची रांग, कुणी वीस किलोमीटरवरून आलेलं, आणि आत डोंगल काढा-लावा चाललंय, हे त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. केंद्रात तर अंगठ्याचं मशीनही यूएसबीवरच चालतं, आणि स्लीपनंतर तेही त्याच कारणानं सापडेनासं होतं. वर सांगितलेल्या टिका काढल्या की बहुधा त्याचाही प्रश्न सुटतो. अशा मशीनवर कामाच्या वेळात स्लीप पूर्ण बंद ठेवा, फक्त स्क्रीन विझू द्या.

सुरक्षेचाही मुद्दा आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या बॅस्टिल कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की कित्येक स्वस्त वायरलेस कीबोर्डांच्या कळा हवेतून उघड्याच जातात, लांबून टिपता येतात. जिथं लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे पासवर्ड टाइप होतात तिथं एवढं कारण पुरेसं आहे.

घरी वायरलेस घेतलात तरी एक साधा वायरचा कीबोर्ड कपाटात असू द्या. वायरलेस सेटच्या मानानं तो स्वस्तात येतो. पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं एकटीच कॉम्प्युटर वापरतात, मुलं पुण्याला आणि आई-वडील गंगाखेडला, तिथं तो कपाटात नको. सीपीयूला कायम लावूनच ठेवा आणि टेबलाच्या कडेला उभा करा. दोन कीबोर्ड एकाच वेळी चालतात, काही बिघडत नाही.

नवा सेट घ्यायचंच ठरलं तर तालुक्याच्या दुकानात सीपीयू घेऊन जायला लाजू नका. पैसे द्यायच्या आधी तिथंच कॉम्प्युटर स्लीपवर टाका, पाच-दहा मिनिटं थांबा, कीबोर्डनं उठवा आणि नोटपॅडमध्ये चार ओळी टाइप करून बघा. लगेच उठवलं तर माऊसच अजून झोपलेला नसतो, त्यामुळे तेवढं थांबावंच लागतं. खोक्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि डोंगलची जागा सेलच्या झाकणाखाली आहे का तेही बघून घ्या.