डेव्हलपर खातं माझ्या नावाचं, ॲप भलत्याचंच

ॲप बनवायला शिकवतो म्हणून सांगायचं, विद्यार्थ्याच्या नावानं गूगल प्लेचं डेव्हलपर खातं, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवायचं खातं, उघडून घ्यायचं आणि पुढे त्याच खात्यावरून लोकांना लुबाडणारी ॲप सोडायची, असा एक धंदा चालतो. माझ्या बाबतीत तो झाला. नुसती फी बुडाली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. इथे माझं नाव वापरलं गेलं आणि कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतल्या माणसांनी ते नाव बघून पैसे भरले. म्हणून सगळं तपशिलात सांगतो.

संगमनेर तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघायचं, दरतक्त्यावरून भाव काढायचा आणि दहा दिवसांनी पेमेंट. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, त्याच्या खाली पॉइंटला भाव कापला जातो. शेतकऱ्याची कुरबूर नेमकी तिथंच असते, की कालच्यापेक्षा आज भाव कमी कसा लागला. त्यात कुणाची उचल, कुणाची पशुखाद्याची कपात. हा हिशेब ज्याचा त्याला मोबाईलवर दिसला तर निम्मे वाद मिटतील, असं मला कायम वाटायचं. आधी तयार ॲप शोधली. दुधाच्या हिशेबाची बरीच सापडली, पण आमचा दरतक्ता एकातही नीट बसेना, आणि काही ॲप तर हिशेबासाठी फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट मागत होती. शेवटी आपणच शिकून बनवायचं ठरवलं.

हे २०२४ सालचं. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑनलाइन क्लासची जाहिरात आली: मराठीतून अँड्रॉइड शिका, तीन महिन्यांत स्वतःचं ॲप प्ले स्टोअरवर. फी १५,००० रुपये, दोन हप्त्यांत. पावतीवर एका संस्थेचं नाव होतं, पण यूपीआयला नाव दिसायचं एखाद्या व्यक्तीचं, आणि दोन्ही हप्त्यांना वेगवेगळं. विचारलं तर "अकाउंट विभाग वेगळा आहे" असं उत्तर मिळालं.

शिकवणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि फसवणूक लक्षात न येण्याचं ते मोठं कारण. ॲप बनवायचं सॉफ्टवेअर म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ बसवून दिला, ॲप ज्यात लिहितात त्या कोटलिन भाषेची तोंडओळख झाली, बटण दाबलं की फासा पडतो असं ॲप झालं, मग हॉटेलातल्या टिपचा हिशेब करणारं ॲप झालं. पुढे कळलं की हे दोन्ही प्रकल्प गूगलच्या मोफत अँड्रॉइड अभ्यासक्रमातले, 'डाइस रोलर' आणि 'टिप टाइम', जसेच्या तसे उचललेले. जे फुकट आहे ते मराठीत समजावून सांगायचे पैसे घेतले तर माझी तक्रार नाही. समजावून सांगणं हेही कामच आहे. खरा डाव पुढचा होता.

दुसऱ्या महिन्यातच, माझं दुधाचं ॲप अर्धं कच्चं असताना, सरांनी सगळ्या बॅचला प्ले कन्सोलचं, म्हणजे तेच डेव्हलपर खातं उघडायला लावलं. त्याची नोंदणी फी २५ डॉलर, एकदाच भरायची. सरकारी ओळखपत्र देऊन गूगलकडून पडताळणी करून घ्यायची. ती झाली की सरांनी स्क्रीन शेअर करायला सांगितली. "युजर्स अँड परमिशन्स" या पानावर जाऊन त्यांचा ईमेल टाकायचा आणि परवानगीत "ॲडमिन" निवडायचं. कारण काय, तर "तुमचं ॲप मी तपासून देणार, रिजेक्ट झालं तर मीच दुरुस्त करणार." त्याच बैठकीत जीमेलमध्ये एक फिल्टर लावून घेतला, ज्यानं गूगल प्लेकडून येणारी सगळी पत्रं इनबॉक्समध्ये न थांबता थेट आर्काइव्हमध्ये जातील. "दिवसाला दहा मेल येतात, तुम्ही गोंधळून जाल," असं सर म्हणाले. शिकवणाऱ्याचं बोलणं होतं, तेही आपुलकीचं.

ॲडमिन म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. त्या माणसाला तुमच्या खात्यावरून नवं ॲप चढवता येतं, असलेलं बदलता येतं, आणखी लोक आत घेता येतात. गूगलच्या आणि जगाच्या दृष्टीनं मात्र ते सगळं तुम्ही केलेलं असतं.

मग हे लोक स्वतःच्या नावानं खाती का उघडत नाहीत? कारण त्यांची खाती बंद पडतात, आणि एकदा बंद पडलं की त्या माणसाला नवं उघडता येत नाही. शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलनं अट घातली: ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक संख्येनं परीक्षकांनी ते सलग १४ दिवस वापरून बघितलं पाहिजे. तेव्हा २० परीक्षक लागायचे, डिसेंबर २०२४ पासून ती संख्या १२ वर आली. खोटी ॲप घाऊक भावात सोडणाऱ्याला ही अट जड जाते. क्लासला मात्र ती आपोआप पुरी करून मिळते. आमच्या बॅचमध्ये प्रत्येकानं प्रत्येकाचं ॲप टाकून घ्यायचं आणि रोज उघडायचं, असा "गृहपाठ" होता. आम्ही तो मनापासून केला. त्यातून क्लासच्या हातात काय आलं, तर खऱ्या माणसांची, ओळख पडताळलेली, परीक्षकांची अट पार केलेलं एकेक ॲप असलेली खाती, आणि प्रत्येकात त्यांचा ॲडमिन. अशा तयार खात्यांना बाजारात गिऱ्हाईक आहे. भाड्यानं किंवा विकत मागणाऱ्या जाहिराती टेलिग्रामवर मी नंतर स्वतः पाहिल्या.

माझं दुधाचं ॲप प्ले स्टोअरवर आलं तेव्हा घरात केवढा आनंद झाला! अण्णांनी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. क्लास संपला, ग्रुप शांत झाला.

काही आठवड्यांनी एक ईमेल आला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. लोन कधी जमा होणार, दोनदा पैसे भरले आहेत, फोन करा, खाली नंबर. चुकून आला असेल म्हणून मी सोडून दिला. पुन्हा आला, त्यासोबत स्क्रीनशॉट होता: हप्ता मोजायच्या एका ॲपचं प्ले स्टोअरवरचं पान, आणि डेव्हलपरच्या जागी माझं पूर्ण नाव.

मी त्या नंबरवर फोन लावला. भंडारा जिल्ह्यातल्या एक ताई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. पिको-फॉलच्या मशीनसाठी ५०,००० रुपये हवे होते. "आधी चौदाशे नव्व्याण्णव भरा म्हणे, प्रोसेसिंग. मंग म्हणे विम्याचे भरा. भरले जी. आता तो ईमेल उत्तरच देत नाही. खाली तुमचं नाव दिसलं भाऊ, म्हणून तुम्हाले लिहिलं." त्या चिडल्या नव्हत्या. आवाजात अजून आशा होती, की हा माणूस कर्ज देईल. मला काय बोलावं सुचेना. ते ॲप माझं नाही, कर्ज मिळणार नाही, आणखी एक रुपयाही भरू नका, आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, एवढं सांगितलं.

ॲप कसं चालायचं तेही मी उकलून पाहिलं. बाहेरून साधा ईएमआय कॅल्क्युलेटर. आत वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या चौकटीत उघडणारं संकेतस्थळाचं पान. ते पान सर्व्हरवरून येतं, त्यामुळे ॲपची तपासणी होताना तिथं निरागस कॅल्क्युलेटर दाखवायचा आणि नंतर त्याच जागी "तुमचं कर्ज मंजूर झालं आहे" असा फॉर्म आणि पैसे भरायचा क्यूआर आणायचा. ॲपमध्ये काहीही बदल न करता हे होतं. माझ्या खात्यावर अशी तीन ॲप होती. त्यांची पत्रं आर्काइव्हमध्ये पडून होती, त्या फिल्टरमुळे माझ्या नजरेला कधी आलीच नाहीत.

प्ले कन्सोलमध्ये ॲक्टिव्हिटी लॉग असतो, कोणत्या युजरनं कधी काय केलं त्याची नोंद. सगळ्यात आधी त्याचे स्क्रीनशॉट घेतले, युजर्सच्या पानाचेही घेतले, मग त्या ॲडमिनला काढलं, पासवर्ड बदलला, ती तिन्ही ॲप बंद केली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे चारच दिवसांत गूगलनं खातं कायमचं बंद केलं आणि मग आतलं काही बघायला मिळालं नाही. दुधाचं ॲपही त्यासोबत गेलं. अपील केलं, लॉगचे फोटो जोडले, उत्तर आलं की निर्णय कायम आहे आणि नवं खातं उघडू नये. बॅचमधल्या एकाचं खातं तर "संबंधित खातं" म्हणून बंद झालं. त्यानं माझ्या लॅपटॉपवरून कधीतरी लॉगिन केलं होतं, कारण तेच असावं असा आमचा अंदाज आहे.

पोलिसांत लेखी अर्ज दिला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की खातं तुमचं, ओळखपत्र तुमचं, मग ॲप तुमचं कसं नाही? लॉगचे कागद नसते तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लासच्या सरांचे दोन्ही नंबर बंद आहेत. ताईंनीही तक्रार नोंदवली, पण पैसे भरून बरेच दिवस झाले होते. अजून काही परत आलेलं नाही. १९३० ला फोन जितक्या लवकर जाईल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त, तासाभरात केला तर उत्तमच.

आता शिकणाऱ्यांसाठी, कारण माझ्यासारखे गावोगाव आहेत आणि त्यांनी शिकायचं सोडू नये असं मला फार वाटतं. ॲप बनवायला शिकण्यासाठी प्ले कन्सोलच्या खात्याची गरजच नसते. अँड्रॉइड स्टुडिओ मोफत आहे. फोनमधलं यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडली की तुमचं ॲप तुमच्या फोनवर चालतं. गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा अभ्यासक्रम मोफत आहे, कोटलिनपासून सुरू होतो. ज्यांना कोड लिहिण्याआधी स्क्रीनवरचे ठोकळे जोडून बघायचंय त्यांच्यासाठी एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर आहे, तेही ब्राउझरमध्ये, विनामूल्य. इंग्रजीचा अडसर वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावासारख्या प्रोग्रामिंग भाषांचे पाठ मराठी आवाजात मिळतात. माझ्या दुधाच्या हिशेबाचा मोठा भाग मी तिथून मिळालेल्या समजेवरच लिहिला, क्लासवर नाही.

क्लास लावायचाच असेल तर फी विचारण्याआधी एक विचारा: खातं कधी उघडायचं आणि आत कोण येणार? तयार ॲप हातात नसताना खातं उघडायची घाई करणारा शिक्षक मला आता चालणार नाही. तपासून द्यायला कोड पाठवता येतो, त्यासाठी कन्सोलमध्ये शिरावं लागत नाही. कुणाला आत घ्यायचंच झालं तर एकाच ॲपपुरती, फक्त बघण्याची परवानगी देता येते. रिलीज करण्याचा अधिकार कुणालाही नको, सख्ख्या मित्रालाही. आणि दरमहा भाडं देतो म्हणून खातं मागणारा माणूस तुमचं नाव कशासाठी वापरणार, ते वर लिहिलंच आहे. प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपसाठीही डेव्हलपरची ओळख पडताळायची पद्धत टप्प्याटप्प्यानं आणणार असल्याचं गूगलनं २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे डागाळलेल्या नावाची अडचण पुढे वाढतच जाणार.

ॲप वापरणाऱ्यांनी प्ले स्टोअरच्या पानावर खाली "ॲप सपोर्ट" उघडून डेव्हलपर कोण ते वाचावं. कर्ज देतो म्हणणाऱ्या ॲपखाली एखाद्या साध्या माणसाचं नाव असेल, कंपनीचं नसेल, तर तिथंच थांबा. रिझर्व्ह बँकेनं २०२५ पासून तिच्या देखरेखीखालच्या संस्थांच्या डिजिटल कर्ज ॲपची यादी संकेतस्थळावर ठेवली आहे, त्यात नाव शोधा. कर्ज देण्याआधी वेगळ्या क्यूआरवर फी मागितली की ते कर्ज नाहीच.

ज्यांनी अशा क्लासमध्ये खातं उघडलंय आणि ते अजून चालू आहे, त्यांनी आजच लॅपटॉपवर प्ले कन्सोल उघडावं. "युजर्स अँड परमिशन्स"मध्ये अनोळखी ईमेल आहे का, ॲपच्या यादीत तुमचं नसलेलं काही आहे का, जीमेलच्या सेटिंग्जमध्ये कुणी फिल्टर किंवा फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का, एवढं बघा. काही सापडलं तर आधी स्क्रीनशॉट, मग काढून टाकणं, आणि त्याच दिवशी सायबर पोर्टलवर तक्रार. माझ्या बॅचमधल्या दोघांच्या खात्यांत तो ॲडमिन अजून बसलेला होता; ते वेळेवर पाहिलं म्हणून त्यांची खाती आज शाबूत आहेत.