घरामागचा पोहण्याचा तलाव : बांधकाम चोख, देखभाल लंगडी

कर्जतजवळच्या आमच्या घरामागे 8 बाय 4 मीटरचा, सव्वा मीटर खोलीचा, म्हणजे सुमारे 40,000 लिटरचा तलाव एका स्थानिक ठेकेदाराकडून बांधून घेतला, त्याला आता दोन पावसाळे झाले. खोदाई, सळई, वॉटरप्रूफिंग ही कामे चोख झाली. टाइल लावण्यापूर्वी तलाव आठवडाभर भरून ठेवून गळती तपासली, हे विशेष आवडले. बांधकामासाठी त्यांना पुन्हा बोलावीन, देखभालीसाठी मात्र नाही. बोअरचे पाणी भरून क्लोरीन टाकताच ते कोऱ्या चहासारखे तांबूस झाले, कारण पाण्यात विरघळलेले लोह क्लोरीनमुळे गंजासारखे बाहेर पडते. पाणी आधी तपासून घ्या, एवढे तरी त्यांनी सांगायला हवे होते. आठवड्यातून दोनदा येणारा माणूस ऐन पावसाळ्यात फिरकलाच नाही आणि पायऱ्यांवर शेवाळ धरले. शेवटी टेस्ट किट मीच आणले. आता पीएच 7.2 ते 7.6 आणि क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम राखतो, उन्हाने क्लोरीन उडते म्हणून ते संध्याकाळी टाकतो आणि सँड फिल्टरच्या (वाळूच्या गाळणीच्या) दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढला की बॅकवॉश करतो, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळूत अडकलेला गाळ बाहेर काढतो. ते क्लोरीनचे पाणी तेवढे आंब्याच्या आळ्यात जाऊ देत नाही.