पन्हाळा की आंबोली? बेळगावातनं एका दिवसासाठी

पाऊस धरला की आमच्या घरात दर रविवारी हाच वाद. पोरांना आंबोली पायजे, आईला पन्हाळा, आणि गाडी चालवणार मी. दोन्हीकडं बऱ्याच वेळा जाऊन आलोय त्यामुळं माझं मत झालंय, तुमचं वेगळं असू शकतं.

अंतरात आंबोली पुढं, त्यात बोलायचं काय नाही. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत सकाळचे पोहे जिरायच्या आत पोचतो. पन्हाळ्याला हायवेची कामं, डायव्हर्जन, आणि कोल्हापुरात शिवाजी पूल ओलांडेपर्यंत जीव नकोसा होतो. सहाला घर सोडलं नाही तर जाऊच नका म्हणेन. पाऊस बघायचा तर तोही आंबोलीचाच. हिरण्यकेशीचं उगमाचं पाणी गुहेतनं बाहेर येताना बघितलं आणि हीच नदी पुढं आपल्या संकेश्वराला येते हे आठवलं की बरं वाटतं.

पण आंबोलीत सगळं गाडीनंच. धबधबा एकीकडं, कावळेसाद दुसरीकडं, दर वेळी छत्री मिटायची, चिखलाचे पाय घेऊन आत बसायचं, काचा धुरकटतात, सीट भिजते, दहा मिनिटांनी परत उतरायचं. कावळेसादला आम्ही तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा पांढरं धुकं बघून परत आलो, दरी आहे म्हणतात म्हणून मानायचं. गेल्या जुलैत तर धबधब्याजवळच्या जाममधे सासरे गाडीतच बसून राहिले, उतरलेच नाहीत, आम्ही परत येईपर्यंत चिवड्याचा डबा रिकामा. त्या दिवशी माझं ठरलं.

पन्हाळ्यावर गाडी एकदा लावली की संध्याकाळीच किल्ली हातात. मुळात ते गाव आहे ओ, नगरपरिषदेचं. किल्ल्याच्या आत लोक राहतात, शाळा भरते, सर आली की कुणाच्यातरी पडवीत उभं राहायचं, मावशी चहा विचारतात. मोरोपंत १७२९ साली जन्मले ते ह्याच गावात, आई दर वेळी सांगते. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं, त्यातल्या गंगेत शिरून पोरांनी हाक मारली तर आवाज फिरून परत आला आणि मग पंधरा मिनिटं तोच खेळ. अंधारबावीत तीन मजले, सगळ्यात खाली पाणी, बाहेर दमट उकडत असताना पायऱ्यांवर गार वारं अंगावर येतं. सज्जाकोठीत उभं राहून खालच्या ढगांकडं बघताना मला मात्र १६६० च्या जुलैची ती रात्रच आठवते, सिद्दी जौहरचा वेढा, असाच पाऊस, आणि महाराज ह्याच गडावरनं विशाळगडाकडं निघाले. आपण रेनकोट घालून कुरकुरतो.

रविवारी तीन दरवाज्यापाशी गर्दी असते, झुणका-भाकरीवाल्यांची हाकाहाक कानाला लागते, हे पण खरं. फक्त भिजायचंच असेल, पोरं कॉलेजची असतील, तर आंबोली करा, दुपारपर्यंत घरी याल. वयस्कर कोण बरोबर असेल तर मी पन्हाळाच म्हणेन, शक्यतो मंगळवार-बुधवारी. अंधारबावीत मात्र त्यांना अर्ध्यावरच थांबवा, खालच्या पायऱ्यांवर चप्पल सटकते.