१९६१ ची नवी स्ट्रॅट आणि १९६२ ची जुनी

गिटार बनवणाऱ्या फेंडर या अमेरिकन कंपनीने २०२२ साली ‘अमेरिकन व्हिंटेज टू’ ही मालिका बाजारात आणली. तिच्यातील १९६१ च्या नमुन्याची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच ‘स्ट्रॅट’ ही इलेक्ट्रिक गिटार, मी वर्षभर वाजवतो आहे. गेल्या महिन्यात येथील, म्हणजे कॅलिफोर्नियातील, एका ज्येष्ठ वादकांनी आपली १९६२ च्या आरंभीची मूळ स्ट्रॅट दोन दिवसांसाठी विश्वासाने माझ्या हवाली केली. दोन्ही गिटारींना दहा नंबरच्या नव्या तारा चढवून, एकाच ॲम्प्लिफायरवर आणि एकाच केबलने मी त्या आलटून-पालटून वाजवल्या. रीइश्यू, म्हणजे जुन्या नमुन्याबरहुकूम बनवलेली नवी गिटार, घ्यावी की जुनीच शोधावी, या विवंचनेत असलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

दोहोंची घडण एकच आहे. ॲल्डरची बॉडी, नायट्रोसेल्युलोज लॅकर, मेपलचा नेक (गिटारीची मान) आणि त्यावर, बोटे टेकतात तिथे, शिसवाची सपाट बुडाची जाड पट्टी. या पट्टीलाच वादक ‘स्लॅब बोर्ड’ म्हणतात. फेंडरने ती १९५९ पासून १९६२ च्या मध्यापर्यंतच वापरली आणि पुढे ती पातळ व बुडाला वक्र झाली, म्हणून या तीन-चार वर्षांच्या गिटारींना एवढा भाव आहे. जुन्या गिटारीवरील शिसव ब्राझीलचा आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली कडक निर्बंध आले, पण त्याच्या बरेच आधी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच, गिटार बनवणारे मुख्यतः भारतीय शिसवाकडे वळू लागले होते, आणि हा वृक्ष आपल्या सह्याद्रीतलाच आहे. डोळ्यांना रंगातला फरक दिसतो. बोटांना मात्र मला तो जाणवला नाही.

आवाजाबद्दल बोलायचे तर जुन्या गिटारीचा नेक पिकअप (पिकअप म्हणजे तारांचे कंपन टिपणारे चुंबक व तारेचे वेटोळे; हा मानेजवळचा) किंचित मऊ आणि भरदार वाटला, तर नवीचा ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्याजवळचा) अधिक धारदार. तरीही यावरून ‘जुना आवाज’ असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण त्या काळी फेंडरच्या फुलर्टन येथील कारखान्यात पिकअपची तार गुंडाळताना ती हाताने सावरली जाई, वेढ्यांची संख्या कमीजास्त होई, आणि त्यामुळे एकाच महिन्यात बनलेल्या दोन स्ट्रॅटही हुबेहूब सारख्या वाजत नाहीत. मी दोन्हींवर तोच तुकडा आठ वेळा वाजवला आणि माझ्या मुलीने पाठमोरी बसून ऐकला. तिने पाच वेळा गिटार बरोबर ओळखली, तीन वेळा चुकली.

खरा फरक हातात आहे, आणि तो मला अनपेक्षित दिशेने सापडला. रीइश्यूने मूळ आराखड्यातील अडचणीही प्रामाणिकपणे उचलल्या आहेत. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे त्या शिसवी पट्टीच्या, वक्राची त्रिज्या सव्वासात इंचांची आहे. अशा गोलसर बोर्डवर कॉर्ड धरायला सुख असते, पण तारा खाली बसवल्या की बॉडीकडच्या, वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) स्वर चढवण्यासाठी पहिली तार आडवी ओढताना ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मधेच मरतो. पिकअपमधील चुंबकांची उंची, तिसरी म्हणजे ‘G’ स्वराची तार ज्या काळी बारीक तारेने गुंडाळलेली असे, त्या काळानुसार ठरलेली आहे; आजची ‘G’ तार साधी, बिनगुंडाळीची असते, त्यामुळे ती बाकीच्यांच्या वर उसळून ऐकू येते. मानेचा बाक जुळवणाऱ्या ट्रस रॉड या सळईचे टोक बॉडीच्या बाजूला असल्याने तो फिरवायला नेकचे स्क्रू सैल करावे लागतात.

जुन्या गिटारीवर मात्र मी पंधराव्या फ्रेटवर पूर्ण स्वराची ओढ दिली आणि स्वर स्वच्छ टिकला. त्या वादकांना विचारले तेव्हा कळले, की तिचे फ्रेट दोनदा बदलले आहेत आणि त्या कामात कारागिराने बोर्ड वरच्या बाजूला थोडा सपाट केला आहे. बोर्डच्या कडा तर जुन्या वाड्याच्या उंबरठ्यासारख्या झिजून गोल झाल्या होत्या. म्हणजे कारखान्यातून निघालेली १९६१ ची स्ट्रॅट कशी होती, हे माझी नवी गिटार अधिक अचूक सांगते. साठ वर्षांत वादकांनी तिच्यात काय सुधारले, ते जुनी सांगते. संग्राहक नेमक्या याच सुधारणांपायी किंमत पाडतात.

किमतीची तुलनाच होत नाही. रीइश्यू दोन हजार डॉलरांच्या पुढे मिळते, तर अस्सल भागांची जुनी वीस हजारांच्या वर जाते आणि ते अस्सलपण पारखणे कठीण असते. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने १९६३ ची ‘पूर्ण मूळ’ म्हणून मला एक स्ट्रॅट दाखवली होती. बॉडीवरची पिकगार्ड ही पट्टी उघडायला लावली, तेव्हा पॉटच्या (आवाज व टोन कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर १३७६६१२ हा आकडा निघाला. त्यातले पहिले तीन आकडे उत्पादकाचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे पॉट १९६६ चे होते, आणि सोल्डरही नवे चकचकीत होते. गिटारीपेक्षा पॉट थोडे जुने असू शकतात, पण नंतरचे असतील तर ते बदललेलेच.

तेव्हा वाजवण्यासाठी गिटार हवी असेल, तर रीइश्यूच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ गिटार परत केल्यावर मी माझ्या स्ट्रॅटच्या बोर्डच्या कडा एका चांगल्या कारागिराकडून गोल करून घेतल्या आणि जुनीच्या स्पर्शातले बरेचसे सुख त्या एका कामात मिळाले. फ्रेट बदलायची वेळ येईल, तेव्हा वरच्या भागातला वक्रही थोडा सपाट करून घेणार आहे.