लिटररी एजंट: वर्षभर वापरून काय वाटलं

इंग्रजी कादंबरीसाठी लिटररी एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठून सौदा करणारा मध्यस्थ) घेऊन वर्ष होत आलं. नवीन लिहिणारे सारखे विचारतात, घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहितेय.

मराठीत लिहिणार असाल तर हा विषयच सोडा. बाड सरळ प्रकाशकाकडे द्यायचं, नाहीतर आधी दिवाळी अंकांत कथा छापून आणायच्या, झालं. हिशोब करा ना, पुस्तक ३०० रुपयांचं, रॉयल्टी म्हणजे लेखकाचा वाटा १० टक्के, हजार प्रती खपल्या (खपल्या तर!) तरी ३०,००० रुपये, त्यातलं एजंटचं कमिशन १५ टक्के म्हणजे साडेचार हजार. तेवढ्यासाठी कोण एजंट उन्हातान्हात फिरणार?

इंग्रजीत गणित वेगळं. लंडन-न्यूयॉर्कचे मोठे प्रकाशक एजंटशिवाय आलेलं बाड सहसा बघतच नाहीत. भारतात तसं नाही, इथे काही मोठे प्रकाशकसुद्धा थेट मेल घेतात, फक्त उत्तराची वाट बघत बसायची तयारी ठेवा. पण एजंट असला की वाट बघणं संपतं असं समजू नका, माझी एजंट स्वतःच मेलला महिना महिना उत्तर देत नाही, फोन केला की "बघते हं" एवढंच.

पैसे वसूल झाले ते करारात. प्रकाशकाच्या मसुद्यात सगळ्या भाषा, ऑडिओ, सिनेमा, वेब सिरीज सगळं त्यांनाच, तेही कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, म्हणजे आपल्याकडे लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं! मी एकटी असते तर पहिलं पुस्तक छापतायत या आनंदात सही करून मोकळी झाले असते. एजंटने सिनेमा आणि अनुवादाचे हक्क करारातून काढून माझ्याकडे ठेवले, मराठी अनुवाद आता माझ्या हातात आहे. मुदतीवरही भांडली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षंच धरतात, हे मला तिच्याकडूनच कळलं.

कमिशन भारतात १५ टक्के, परदेशातल्या सौद्यावर २०. पैसे आधी एजंटकडे जातात, मग कापून आपल्याकडे. बाड वाचायचेच पैसे मागणारेही भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार, एजंटने कमवायचं ते पुस्तक विकून. आणि उद्या एजंट सोडली तरी या पुस्तकावरचे तिचे १५ टक्के चालूच राहणार, तसं करारातच आहे. पुढचं पुस्तक त्यात आपोआप अडकत नाही ना, हे मात्र मी सहीआधी दोनदा वाचून घेतलं होतं.