ई-इंक फोन: काही महिने वापरल्यानंतर

ई-बुक रीडरमध्ये असतो तसा कागदासारखा दिसणारा ई-इंक पडदा असलेला फोन मी वापरतोय. बॅटरीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळे आधी तेच विचारतात. ई-बुक रीडरसारखी ती आठवडेच्या आठवडे चालत नाही. ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. वीज लागते ती हे कण हलवायला. एकदा पान उमटलं की ते फुकटात टिकतं. पण फोनमधलं मोडेम, प्रोसेसर आणि गुपचूप चालणारी अ‍ॅप्स यांना पडदा कसला आहे याचं सोयरसुतक नसतं. डेटा बंद करून नुसतं वाचलं तर बॅटरीची टक्केवारी हलता हलत नाही. कमकुवत नेटवर्कमध्ये दिवस काढला, तर मात्र रात्री चार्जर शोधावाच लागतो.

वाचनाला तोड नाही. उन्हात पडदा उलट जास्तच स्पष्ट दिसतो. काना, रफार, जोडाक्षरं सगळं छापल्यासारखं. अंधारात फ्रंटलाइट, म्हणजे पडद्यावर पुढून पडणारा दिवा, लावता येतो, पण मग बॅटरीची बचतही कमी होते, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

हलणारं काहीही आलं की खेळ संपला. स्क्रोल करताना आधीच्या ओळींची भुतं मागे रेंगाळतात. वेगवान रिफ्रेश मोड (पडदा पटापट नव्याने उमटवायची सेटिंग) लावला तर करड्या छटा जातात आणि फोटो डागाळलेले दिसतात. यावर मला लागू पडलेले उपाय असे: अ‍ॅनिमेशन पूर्ण बंद, डार्क मोड बंद, ब्राउझरमध्ये व्हॉल्यूमच्या बटणांनी पान उलटणं. प्रत्येक अ‍ॅपला वेगळा रिफ्रेश मोड देता येत असेल तरच असा फोन घ्यावा. टायपिंगला किंचित उशीर होतो, त्याची सवय होते. व्हिडिओ कॉलची होत नाही.

मी कृष्णधवल पडदा घेतला. कॅलिडो ३ या रंगीत पडद्यावर मजकूर 300 पीपीआयचा (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके) असला तरी रंग 150 पीपीआयवर येतात, शिवाय रंगांच्या फिल्टरमुळे पडदा काळवंडतो. पण नकाशावर वाहतुकीची लाल आणि हिरवी रेघ सारखीच करडी दिसते, तेव्हा फार चिडचिड होते. फोटो रंगीतच निघतात. फक्त काढताना अंदाजपंचे.

खरं तर 2013 च्या योटाफोनची कल्पना मला आजही जास्त शहाणपणाची वाटते: पुढे नेहमीचा पडदा, मागे ई-इंक. ती चालली नाही, म्हणून आता माझ्या बॅगेत जुना फोनही असतो, नकाशे आणि व्हिडिओ कॉलसाठी.