हप्ता तीन एकरांचा, विमा एकाच एकराचा

खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा बंद झाला. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या (पीक पूर्ण बुडालं तर मिळणाऱ्या कमाल रकमेच्या) २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यालाच भरावा लागतो. एक रुपया होता तोवर हप्त्यात हात मारण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

लुबाडणूक अशी होते. सोयाबीन तीन एकर, म्हणजे १.२१ हेक्टर. संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० धरली तर २ टक्क्यांनी हप्ता १,२१० रुपये. विम्याचे अर्ज भरून देणाऱ्या सीएससी (सामूहिक सेवा) केंद्रावरचा माणूस तेवढे रोख घेतो, "सर्व्हर डाऊन आहे, पावती उद्या न्या" म्हणतो आणि पोर्टलवर क्षेत्र भरतो ०.४१ हेक्टर. त्याचा हप्ता ४१० रुपये. वरचे ८०० त्याच्या खिशात. अर्जात मोबाईल नंबरही स्वतःचाच टाकतो, त्यामुळे मेसेज शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही.

हे कळतं भरपाईच्या वेळी. महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) उंबरठा उत्पन्न, म्हणजे मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरलेलं उत्पन्न, हेक्टरी १० क्विंटल आणि त्या वर्षीचं ७ ठरलं, तर तूट ३० टक्के, भरपाई हेक्टरी १५,०००. तीन एकरांना १८,१५० यायला हवेत, खात्यात पडतात ६,१५०. आठशेच्या चोरीत शेतकऱ्याचे बारा हजार बुडाले! शिव्या मात्र कंपनीला आणि योजनेला बसतात, "विम्यात काही राम नाही" असं पारावर ठरतं, आणि पुढच्या हंगामात शेजारचेही विमा भरत नाहीत. आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

म्हणून पावती हातात आल्याशिवाय केंद्रातून उठू नका. हाताने लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे. तिच्यावर अर्ज क्रमांक हवा. गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं. तीन एकरांचे घाईत ३ हेक्टर झाले, तर क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त भरतं आणि अर्ज नामंजूर होतो. भरलेली रक्कम आणि पावतीवरची रक्कम एकच आहे ना, तेही बघा. दोन दिवसांनी पीएमएफबीवायच्या (प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या) संकेतस्थळावर अर्जाची स्थिती तपासा. चूक मुदतीच्या आत सापडली तरच दुरुस्त होते. ई-पीक पाहणीत (मोबाईल अ‍ॅपवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत) कापूस आणि विम्यात सोयाबीन असं झालं तरी भरपाई अडकते.

केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळतात. हप्त्याव्यतिरिक्त 'अर्जाची फी' मागितली तर देऊ नका. "भरपाई मंजूर करून आणतो, वीस टक्के द्या" म्हणणारा तर सरळ लुटारूच. उत्पन्नावरची भरपाई मंडळातल्या त्या पिकाला सरसकट एकाच टक्क्याने बसते, त्यात एकट्याचं कोणी काही मंजूर करून आणू शकत नाही.

फसवणूक लक्षात आली तर पीकविम्याच्या १४४४७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, सोबत पावती आणि सातबारा जोडा, आणि आपल्या प्रतीवर पोच घेऊनच परता.